विमानतळ झाला; आता वाट हवी

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथून पहिली प्रवासी विमाने उडाली. ज्या प्रकल्पास केंद्र सरकारने २००७ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि ज्याची कोनशिला २०१८ च्या फेब्रुवारीत बसली, तो अठरा वर्षांनी का होईना, सिद्धीस गेला याचा आनंद या शहरात कोणाला होणार नाही? उलव्याचा डोंगर कापून, नदीचा प्रवाह वळवून, खाडीकाठच्या दलदलीवर भराव घालून १,१६० हेक्टरांचा हा पसारा उभा राहिला आहे. ३,७०० मीटरांची धावपट्टी आणि वर्षाकाठी दोन कोटी प्रवाशांची सोय करू शकणारे पहिले टर्मिनल ही आपल्या अभियंत्यांची आणि कामगारांची कामगिरी होय. तिचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

परंतु विमानतळ ही केवळ पाहण्याची वास्तू नव्हे. तो प्रवासातील एक टप्पा आहे. विमानातून उतरणारा मनुष्य विमानतळावर राहावयास येत नाही. त्याला दादरला जावयाचे असते, ठाण्याला जावयाचे असते, पनवेलच्या एखाद्या चाळीत आजारी आईला पाहावयास जावयाचे असते. दिल्लीहून तो दोन तासांत येथवर आला आणि पुढच्या तीस-चाळीस किलोमीटरांसाठी त्याला तितकाच वेळ आणि कदाचित तिकिटाच्या निम्मा पैसा मोजावा लागला, तर विमानाच्या वेगाचे कौतुक त्याने कोणत्या तोंडाने करावे? म्हणून या विमानतळाविषयीचा खरा प्रश्न धावपट्टी किती लांब हा नसून, ज्याच्याजवळ स्वतःची मोटार नाही त्याने तेथे जावे कसे आणि तेथून यावे कसे, हा आहे.

शहराच्या सोयी मोजावयाच्या असतील तर त्या मंत्रालयाच्या पायरीवरून मोजू नयेत; तळवलीसारख्या गावाच्या वेशीवरून मोजाव्यात. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, रबाळे आणि घणसोली यांच्या शेजारी असलेले हे गाव विमानतळापासून फार तर वीस-बावीस किलोमीटर असेल. मोटारवाल्याला हे अंतर किरकोळ वाटेल. परंतु तळवलीच्या रहिवाशाने लोकल गाडीने जावयाचे ठरविले तर त्याला प्रथम रबाळे किंवा घणसोली स्थानक गाठावे लागते, तेथून ट्रान्स-हार्बर मार्गाने नेरूळ, नेरूळला उरणकडील गाडीची वाट, मग तरघर, आणि तरघरला उतरून पुन्हा एखादे वाहन. कारण तरघर हे विमानतळाचे सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक असले तरी ते टर्मिनलच्या दारात नाही. घरापासूनचे वाहन धरले तर वीस किलोमीटरांत चार वाहने झाली. हातात पेटी, कडेवर मूल आणि बरोबर म्हातारी माणसे असलेल्या कुटुंबाला हा मार्ग सांगणे म्हणजे त्याला टॅक्सी करावयास सांगणेच होय.

त्यातही उरणचा मार्ग म्हणजे हार्बर मार्ग नव्हे. येथे चार-पाच मिनिटांनी गाडी येत नाही. एक चुकली तर दुसरीसाठी बराच वेळ फलाटावर काढावा लागतो. मुंबईत मिनिटांवर जगणाऱ्या माणसाला ही गोष्ट गैरसोयीची वाटेल. विमान पकडणाऱ्याला ती धोक्याची आहे. लोकल चुकली तर कचेरीत लाल शेरा पडतो; विमान चुकले तर सारे तिकीट बुडते. ज्या वाहनाचा भरवसा नाही ते कितीही स्वस्त असो, विमानाचा प्रवासी त्याच्या वाटेला जाणार नाही, हे साधे व्यवहारज्ञान आहे.

तरघर स्थानकाची हकीकत बोधप्रद आहे. नेरूळ आणि बेलापूरहून खारकोपरपर्यंतचा लोहमार्ग नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो उरणपर्यंत पोहोचला. या सर्व काळात गाड्या तरघरवरून जात होत्या. परंतु तेथे थांबत नव्हत्या. स्थानक उघडले ते डिसेंबर २०२५ मध्ये, म्हणजे विमाने उडण्यास अवघे काही दिवस उरले असताना. सात वर्षे हाताशी असूनही स्थानक, त्यापुढील बस आणि टर्मिनल यांची सांगड आधीच घालून ठेवता आली नाही. याला वरातीमागून घोडे म्हणावे, तर निदान घोडे तरी दिसले. त्यावर बसून मांडवात जावयाचे कसे, याची व्यवस्था मात्र अजून अपुरी आहे.

हे दुखणे आपलेच आहे असे नाही. जपानमध्ये टोकियोसाठी नारिताचा विमानतळ मे १९७८ मध्ये सुरू झाला. तेथेही जमिनीसाठी शेतकऱ्यांचा प्रखर विरोध झाला होता, आणि तेथेही रेल्वेचा घोळ झाला. टर्मिनलखालची जागा एका जलदगती मार्गासाठी राखून ठेवलेली. तो मार्ग झालाच नाही. खाजगी रेल्वे कंपनीचे स्थानक टर्मिनलपासून दूर पडले आणि गाडीतून उतरलेल्या प्रवाशांना पुन्हा बस धरावी लागे. आगगाडी टर्मिनलखाली पोहोचली ती १९९१ मध्ये, तेरा वर्षांनी. वक्तशीरपणाबद्दल जगात नावाजलेल्या देशाची ही गोष्ट आहे. कॅनडातील माँट्रियलची कथा याहून खेदजनक. तेथे १९७५ मध्ये मिराबेल येथे प्रचंड विमानतळ बांधला. शहरापासून तो दूर, आणि त्याला जोडणारी जलद आगगाडी कधी आलीच नाही. प्रवाशांनी जुन्या विमानतळाची वाट सोडली नाही, आणि २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी वाहतूक कायमची बंद झाली. याउलट हाँगकाँगने १९९८ मध्ये नवा विमानतळ उघडला तो रेल्वेसकटच. लंडनने १९७७ मध्ये आपली नेहमीची भुयारी गाडीच हीथ्रोपर्यंत नेली. विमानाचा प्रवासी आणि विमानतळावरचा झाडूवाला एकाच डब्यात बसू लागले.

आपल्या देशातील उदाहरणेही डोळ्यांपुढे ठेवावीत. बंगळूरचा नवा विमानतळ मे २००८ मध्ये सुरू झाला. शहरापासून तो बराच लांब. परंतु तेथील परिवहन संस्थेने ‘वायुवज्र’ या नावाने विमानतळाच्या बसगाड्या शहराच्या अनेक भागांत सोडल्या आणि त्या लोकांच्या अंगवळणी पडल्या. पुढे जानेवारी २०२१ मध्ये तेथे रेल्वेचे छोटेसे थांबा-स्थानक झाले. पण गाड्या मोजक्या आणि स्थानकापासून टर्मिनलपर्यंत पुन्हा बस, यामुळे लोकांची भिस्त बसवरच राहिली. दिल्लीत फेब्रुवारी २०११ मध्ये विमानतळाची स्वतंत्र मेट्रो सुरू झाली. ती खाजगी कंपनीने चालविली, भाडे चढे ठेवले आणि तांत्रिक दोषांमुळे २०१२ मध्ये ती काही महिने बंदही पडली. २०१३ मध्ये कंपनीने अंग काढून घेतल्यावर दिल्ली मेट्रो महामंडळाने ती हाती घेतली, भाडे उतरविले, आणि प्रवासी वाढले. या दोन शहरांनी आपल्याला दोन धडे दिले आहेत. रुळांवाचूनही चांगली बस विमानतळ जोडू शकते, हा पहिला. आणि रूळ असूनही भाडे परवडत नसेल तर गाडी रिकामी धावते, हा दुसरा.

नवी मुंबईला तर दुसऱ्या गावाचे धडे घेण्याचीही गरज नाही. तिचा स्वतःचा इतिहास पुरेसा आहे. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. मुंबईचा भार हलका करणारे जुळे शहर खाडीपलीकडे वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली होती. या शहराचा कणा सार्वजनिक वाहतूक हाच असावा, हे तिचे मर्म होते. परंतु मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचली १९९२ मध्ये. पनवेलला १९९८ मध्ये. आणि ठाण्याहून तुर्भे-वाशीकडे २००४ मध्ये. या लोहमार्गांच्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश वाटा रेल्वेने नव्हे, सिडकोने उचलला, म्हणजे पर्यायाने येथील जमिनीने आणि येथे घरे घेणाऱ्या मध्यमवर्गीयांनी उचलला. गाडी येईपर्यंतच्या वीस वर्षांत शहराची वाढ खुंटली, हा अनुभव आहे. वाट आधी आणि वस्ती मागून, हा क्रम उलटला की त्याची किंमत एक पिढी भरते.

ही किंमत कोणी भरली, याचाही विसर पडता कामा नये. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळास द्यावे म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर आले आणि २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तसा ठराव केला. खुद्द विमानतळासाठी दहा गावांना आपले घरदार हलवावे लागले. या भूमिपुत्रांना आणि त्यांच्या मुलांना विमानतळावर रोजगार मिळेल असे वारंवार सांगितले गेले. तो मिळो. परंतु विमानतळावरील काम म्हणजे पाळीचे काम. सामान वाहणारा, सफाई करणारी, सुरक्षारक्षक, उपाहारगृहातील पोऱ्या, काउंटरवर हसतमुखाने उभी राहणारी मुलगी, ह्या सर्वांना पहाटे चार वाजता हजर व्हावे लागेल किंवा रात्री एक वाजता सुटावे लागेल. सुरुवातीस विमानतळ सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच चालला हे खरे. परंतु अहोरात्र चालणे हाच विमानतळाचा धर्म आहे, आणि आपल्या उपनगरी गाड्या मध्यरात्रीनंतर काही तास विसावतात. त्या तासांत तळवलीच्या मुलीने घरी कसे जावे? महिन्याच्या पगारातील चौथा हिस्सा रिक्षा-टॅक्सीत गेला तर त्या नोकरीला रोजगार म्हणावे की भाडे भरण्याची सोय?

विमानाने जाणाऱ्यास टॅक्सी परवडते, मग सार्वजनिक वाहनाचा एवढा घोष कशासाठी, असे काही जण विचारतील. पन्नास वर्षांपूर्वी हे विचारणे शोभून गेले असते. आज विमानात परीक्षेला निघालेला विद्यार्थी असतो, आखाती देशांत मजुरीस जाणारा कोकणातील तरुण असतो, आणि वर्षातून एकदा मुलीकडे बंगळूरला जाणारे पेन्शनर दांपत्य असते. शिवाय प्रश्न केवळ ऐपतीचा नाही, रस्त्याचाही आहे. साधे त्रैराशिक मांडून पाहावे. वर्षाला दोन कोटी प्रवासी म्हणजे दिवसाला सुमारे पंचावन्न हजार. ते सारे मोटारीने आले-गेले आणि एका मोटारीत सरासरी दोघे बसले असे धरले, तर दिवसाला सत्तावीस हजारांहून अधिक मोटारींच्या फेऱ्या झाल्या. सोडावयास येऊन रिकाम्या परतणाऱ्या निराळ्याच. तेच प्रवासी चाळीसजणांच्या बसने गेले तर फेऱ्या चौदाशेच्या आत आटोपतात. पुढे हा विमानतळ पूर्ण होईल तेव्हा वर्षाला नऊ कोटी प्रवाशांची अपेक्षा आहे. त्या दिवशी हा हिशेब साडेचार पटीने वाढेल. पाम बीच मार्ग आणि शीव-पनवेल महामार्ग मात्र साडेचार पट रुंद होणार नाहीत.

असे असूनही आपल्या योजनांचा कल पाहा. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला, पावणेबावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतू हा अभिमानास्पद पूल आहे. पण आरंभी त्यावर मोटारीला एका फेरीसाठी २५० रुपये पथकर लागला. ठाण्याहून विमानतळापर्यंत उन्नत रस्ता बांधण्याचे ठरले आहे; तो अर्थातच मोटारींसाठी. मेट्रोच्या बाबतीत मात्र आपला धीर असा की, बेलापूर ते पेंधर या अकरा किलोमीटरांच्या पहिल्या मार्गाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. मुंबई आणि नवी मुंबईचे दोन्ही विमानतळ जोडणारी सुमारे ३५ किलोमीटरांची मेट्रो-८ योजिली आहे. ती होईल तेव्हा तिचे आम्ही स्वागतच करू. परंतु सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलच्या दारी मेट्रो-३ आली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे तेथून विमाने उडू लागल्यावर चार दशकांनी, हे स्मरणात ठेवून ‘मेट्रो येईपर्यंत थांबा’ हा सल्ला आम्ही कोणास देणार नाही.

मग घोडे पेंड खाते कोठे? पैशाचा तुटवडा हे उत्तर येथे चालणार नाही. पहिल्या टप्प्यासाठी १९ हजार कोटींहून अधिक रुपये खर्ची पडले आहेत. तुटवडा आहे तो जबाबदारीच्या एकाच धन्याचा. विमानतळ चालविते खाजगी कंपनी, लोकल चालविते मध्य रेल्वे, बस चालविते नवी मुंबई महापालिकेचा परिवहन उपक्रम किंवा बेस्ट, मेट्रो सिडकोची, सेतू मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. प्रत्येकजण आपल्या हद्दीत चोख. हद्दीच्या पलीकडे प्रवाशाचे काय होते हे कोणाच्याच कागदावर नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, विमानतळाच्या उद्घाटनाच्याच समारंभात, अकरा परिवहन संस्थांची तिकिटे एकत्र देणारे ‘मुंबई वन’ हे मोबाइल ॲप लोकांना अर्पण करण्यात आले. ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु एक तिकीट म्हणजे एक वेळापत्रक नव्हे. तिकीट एकच असले तरी लोकल तरघरला पोहोचण्यापूर्वी बस निघून गेली असेल, तर प्रवाशाच्या हाती काय राहिले? एक तिकीट!

या गोंधळात एक संस्था मात्र अशी आहे की जिला हात झटकता येणार नाहीत, आणि ती म्हणजे सिडको. विमानतळाच्या कंपनीत तिचा २६ टक्के वाटा आहे. उरणच्या लोहमार्गाला तिने पैसा दिला आहे. मेट्रो तिची आहे. आणि भोवतालची जमीन तिनेच संपादन केली. जगभर विमानतळांना वाहनतळाच्या भाड्यातून मोठे उत्पन्न होते. म्हणून बसने येणाऱ्या प्रवाशाची ओढ कंपनीला आपोआप वाटणार नाही. त्यात तिचा दोष मानण्याचे कारण नाही, व्यापाराची ती रीतच आहे. परंतु भागीदारांतील जो एक भागीदार जनतेच्या वतीने बसला आहे, त्याने तरी जनतेच्या वतीने बोलावे, ही अपेक्षा गैरवाजवी कशी म्हणता येईल?

आमच्या मते पुढील गोष्टी मेट्रोची वाट न पाहता आज करता येण्याजोग्या आहेत. पहिली, तरघर स्थानक आणि टर्मिनल यांच्यामध्ये प्रत्येक लोकलला जोडून बस असावी, आणि तिचे भाडे लोकलच्या तिकिटातच धरावे. दुसरी, उरण मार्गावरील फेऱ्या वाढवाव्यात, आणि ठाण्याहून नेरूळला न बदलता थेट तरघरपर्यंत काही गाड्या सोडता येतील काय, याचा रेल्वेने गांभीर्याने विचार करावा. तसे झाले तर ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंतच्या साऱ्या पट्टीचे, अर्थात तळवलीचेही, निम्मे ओझे उतरेल. तिसरी, लोकल बंद असते त्या वेळात ठाणे, वाशी, पनवेल आणि अटल सेतूवरून मुंबई अशा रात्रीच्या बसगाड्या ठरलेल्या वेळी, प्रवासी थोडे असले तरी, धावाव्यात. चौथी, विमानतळावर काम करणाऱ्यांना सवलतीचा मासिक पास मिळावा. पाचवी, सामान घेऊन बसमधून उतरणाऱ्यास टर्मिनलच्या दारातच उतरता यावे. मोटारींना दार आणि बसला कोपरा, असा भेद नसावा.

या मागण्यांत भव्य असे काही नाही, आणि म्हणूनच त्या मागे पडण्याची भीती आहे. बसच्या वेळापत्रकाची फीत कोणी कापत नाही. परंतु या पाच गोष्टींना वेळेचे बंधन आहे. नव्या विमानतळावर माणसे कशी जातात, हे पहिल्या एक-दोन वर्षांत ठरत असते. एकदा लोकांनी मोटारी घेतल्या, टॅक्सीवाल्यांचे तळ पडले, वाहनतळाचे उत्पन्न जमाखर्चात रुजले, म्हणजे नंतर येणाऱ्या गाडीला प्रवासी शोधत फिरावे लागते. आज विमाने मोजकी आहेत, गर्दी थोडी आहे. ही उणीव नसून संधी आहे. घडी बसवावयाची असते ती गर्दी होण्यापूर्वीच.

या विमानतळासाठी गावांनी जमीन दिली, नदीने पात्र बदलले, शहराने अठरा वर्षे वाट पाहिली. त्याच्या बदल्यात तरघरच्या फलाटावर उतरणाऱ्या माणसासाठी एक बस वेळेवर उभी राहावी, एवढेच मागणे आहे. ती बस कोणी उभी करावयाची, हे सिडको, महापालिका, रेल्वे आणि विमानतळ कंपनी यांनी एकदा एका मेजाभोवती बसून ठरवावे, आणि काय ठरले ते वेळापत्रकासह जाहीर करावे. शासनाने ही बैठक येत्या पावसाळ्यापूर्वी बोलवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.